पडदा, पाऊस आणि जयगडची गाडी

रत्नागिरीत आंबा दोन महिने मिळतो, मत बारमाही. न मागता मिळतं, फुकट मिळतं आणि एकदा दिलेलं परत घेतलं जात नाही. (रत्नागिरीवर काही विनोदी लिहायचं तर आधी अंतू बर्व्याला नमस्कार घालावा लागतो. घातला.) अशा गावात मतांचा दुष्काळ असलेली एकच जागा मला ठाऊक आहे, ती म्हणजे कॉलेजचा वर्ग. मी मराठी शिकवतो. साहित्य आणि चित्रपट असा एक पेपर माझ्या वाट्याला आल्यापासून मुलांना जुने, नावाजलेले सिनेमे दाखवणं हे माझं सरकारमान्य काम झालं आहे. सिनेमा संपतो, शिपाईमामा दिवे लावतात, मुलं डोळे चोळतात आणि मी विचारतो, "कसा वाटला?"

"छान होता, सर."

'संत तुकाराम' छान. 'पथेर पांचाली' छान. लाइट गेल्यामुळे अर्ध्यावर बंद पडलेला 'सिटिझन केन' तर विशेष छान. 'पिंजरा' संपल्यावर मात्र कोणी काहीच बोललं नाही. एक आदर्श मास्तर तमाशातल्या बाईपायी कसा रसातळाला जातो हे दोन-अडीच तास बघून झाल्यावर सगळा वर्ग माझ्याकडे टक लावून बघत होता. पुढच्या वर्षीपासून मी 'पिंजरा' घरी बघा असं सांगतो.

वर्गातलं हे 'छान' परीक्षेत नटूनथटून येतं. 'प्रस्तुत चित्रपटातून दिग्दर्शकाने समाजाला मोलाचा संदेश दिला आहे.' कोणता, ते पुढच्या चार ओळींत कुठेच नसतं. त्यानंतर आजच्या धकाधकीच्या जीवनाचा उल्लेख येतो. रत्नागिरीत धकाधकी कुठे आहे, हे मला अजून कळलेलं नाही. दुपारी एक ते चार आमच्याकडे मांजरसुद्धा रस्ता ओलांडत नाही. एका मुलानं तेवढं लिहिलं होतं की 'बायसिकल थीव्हज'मधून 'वाहनास नेहमी कुलूप लावावे' हा संदेश मिळतो. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले. तो संदेश गाइडात नव्हता.

खरी मतं कँटीनमध्ये असतात. आमच्या कँटीनमध्ये शिक्षकांची बाजू आणि मुलांची बाजू यांच्यामध्ये प्लायवुडचं पार्टिशन आहे. ते उभं करणाऱ्याला शिक्षकांची प्रतिष्ठा जपायची होती. प्रत्यक्षात माझ्या विषयाचं निम्मं संशोधन त्या प्लायवुडाला पाठ टेकून, उसळपाव खाता खाता झालेलं आहे.

पहिलं निरीक्षण हवामानाचं. जून ते सप्टेंबर आमच्या वर्गाच्या पत्र्यावर जो पाऊस वाजतो, त्यात तुकारामाचा अभंग आणि सालोमालोची कारस्थानं यांतला फरक ऐकू येत नाही. त्यामुळे जुलैत मी मूकपट लावतो. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा कोकणातल्या पावसाळ्याची सोय आपण करून ठेवतोय याची त्यांना कल्पना नसणार. आज त्याची सुरुवातीची आणि शेवटची अशी मोजकीच रिळं शिल्लक आहेत. मुलांच्या दृष्टीनं हा त्या सिनेमाचा सर्वांत मोठा गुण.

पडद्यावर तारामती आली की शहरातली मुलं फिसफिसायला लागतात, कारण ही तारामती म्हणजे अण्णा साळुंके. बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या या तरुणाला लुगडं नेसवलं. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तोच आणि सीताही तोच. एवढं सांगितलं की वर्गात हशा. हसत नव्हता तो एकटा संगमेश्वरकडचा मुलगा. गावच्या नमनात तो शिमग्याला गवळण होतो. आमच्याकडे नमन-खेळ्यांत गवळणी पुरुषच होतात, त्यामुळे पुरुष बाई झाला यात त्याला आश्चर्य काहीच नव्हतं. त्याचा आक्षेप तांत्रिक होता. प्लायवुडापलीकडून तो समजावत होता, "पदर घेताना कोपर बाहेर जाता नये. आणि वळायचं ते मानेनं आधी, मग अंगानं. हा सगळा एकदम वळतो. आमचा मास्तर असता तर ह्याला मागच्या रांगेत टाकला असता." भारतीय चित्रपटाच्या इतिहासावर मी बरंच वाचलं आहे. पण अण्णा साळुंक्यांच्या कोपरावर दुसऱ्या कोणी बोट ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही.

पाऊस ओसरला की बोलपट. 'संत तुकाराम' १९३६चा, प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले ते असे, की लोकांना खरे तुकोबा तसेच दिसत असतील असं वाटायला लागलं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला. हे सगळं मी प्रास्ताविकात सांगतो. मुलं वहीत 'व्हेनिस' लिहून घेतात आणि सिनेमा सुरू झाल्यावर वेगळाच सिनेमा बघतात. मी तुकारामाचा दाखवतो. ते, त्यातही मुली, जिजाईचा बघतात.

जिजाई म्हणजे तुकारामाची बायको, गौरीबाईंनी केलेली. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि नवरा मिळालेला ऊस वाटेत पोरांना वाटून येतो. मुलगा आजारी पडल्यावर ही बाई देवळात जाऊन थेट पांडुरंगालाच पायताण दाखवते. हा प्रसंग आला की आमच्या वर्गात टाळ्या पडतात. वैकुंठगमनाला पडत नाहीत, पायताणाला पडतात. एक मुलगी कँटीनमध्ये म्हणाली, "घरात एक तरी माणूस जागेवर नको का? सगळेच संत झाले तर भात कोण लावणार?" दुसरी म्हणाली, तुकारामाचे अभंग थोर आहेतच, पण ते वह्यांत उतरेपर्यंत घर कोणी चालवलं, याचाही एक अभंग पाहिजे होता.

मुलांच्या टेबलावरून क्षीण प्रतिकार झाला. पण खरा मुद्दा काढला तो खेडकडच्या एका मुलीनं. ती एरवी वर्गात तोंड उघडत नाही, हजेरीलाही हात वर करते. शेवटी विमान येतं, तुकाराम वैकुंठाला जातात आणि जिजाई खाली राहते. यावर ती म्हणाली, "त्यात काय? आमच्या वाडीत सगळ्यांचं असंच आहे. बापूस मुंबईला, आई इथं. वैकुंठ म्हणजे परळ." क्षणभर पलीकडे शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "पण परळवरून गणपतीला येतात तरी." ती म्हणाली, "मग वैकुंठाला एसटी नाय म्हणून तुकारामाला सूट." कोकणातल्या दीडशे वर्षांच्या चाकरमानी संस्कृतीवर प्रबंध झाले आहेत, त्यांतले काही माझ्या कपाटात आहेत. इतकं थोडक्यात त्यांतल्या एकालाही जमलेलं नाही.

'पथेर पांचाली'च्या बाबतीत पंचाईत वेगळी. मी पुण्याला शिकताना फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या सतीश बहादूरांच्या रसग्रहणाच्या वर्गांबद्दल फार ऐकलं होतं. ते हा एक सिनेमा दृश्यादृश्यांनी उलगडून दाखवत. आपणही तसं करावं म्हणून मी काशफुलांतून धावणाऱ्या अपू-दुर्गेवर, लांबून येणाऱ्या आगगाडीवर, धुरावर बोलायची तयारी करून गेलो. मुलांची मतं आधीच तयार होती आणि ती जमीनमालकीनुसार पडली होती. दुर्गा शेजाऱ्यांच्या बागेतले पेरू चोरते, त्यावर ज्याच्या घरी हापूसची बाग आहे तो मुलगा म्हणाला, "चोरी ती चोरी. आम्ही दोन महिने राखणीला नेपाळी ठेवतो ते उगाच?" त्याला उत्तर दिलं ते ज्याच्या घरी बाग नाही त्यानं. ती बाग आधी दुर्गेच्याच घरची होती, कर्जापायी गेली, म्हणजे ती आपलेच पेरू खाते, असं त्याचं म्हणणं. त्यावर बागवाला म्हणाला, "मग सातबारा दाखव." हा वाद सत्यजित रायांच्या लक्षातही आला नसेल, पण रत्नागिरी तालुक्यात तो सिनेमाचा गाभा ठरला.

पावसाबद्दल मात्र एकमत होतं. पडद्यावर बंगालचा तो प्रसिद्ध पाऊस कोसळतो, दुर्गा त्यात भिजते, जगभरच्या समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. आमच्या मुलांनी एका वाक्यात निकाल लावला : "ह्याला काय पाऊस म्हणतात?" आगगाडीच्या दृश्यावर जरा बोलली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८च्या जानेवारीत. तोवर इथल्या कित्येक म्हाताऱ्यांनी घराजवळून जाणारी आगगाडी पाहिलेली नव्हती. एकीची आजी पहिली गाडी बघायला कातळावर जाऊन बसली होती म्हणे, डब्यात घावणे घेऊन. अपू-दुर्गेकडे घावणे नव्हते एवढाच फरक.

पण 'पथेर पांचाली'नं वर्ग खऱ्या अर्थानं जिंकला तो त्याच्या जमाखर्चानं. रायांचे पैसे संपले, विमा मोडला, बायकोचे दागिने गहाण पडले, शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं मदत केली. नावात रस्ता आहे म्हणून ही मदत रस्तेसुधारणेच्या खात्यात टाकली, असं सांगतात. मी हे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाच्या पैशात किती सिनेमे झाले असतील!" त्या तासाला पुढे काही शिकवता आलं नाही. सिनेमाला मात्र सरसकट मान्यता मिळाली.

'श्यामची आई' दाखवताना मी जपून असतो, कारण तिथे मामला घरचा आहे. साने गुरुजींचं पालगड आमच्याच जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं. अत्र्यांचा हा १९५३चा सिनेमा पहिल्यावहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच वर्षीच्या बिमल रॉयांच्या 'दो बीघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. हे ऐकून वर्गाची छाती फुगते, जणू बिमल रॉयांना मंडणगडच्या क्रिकेट टुर्नामेंटमध्ये हरवलंय. श्याम झालेले माधव वझे पुढे 'थ्री इडियट्स'मध्येही होते, हे कळल्यावर तर तो लगेच जवळचा सिनेमा होतो.

तरी मतभेद राहतातच. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई फोक घेऊन विहिरीवर पिटाळते, यावर मिरकरवाड्यातल्या मुलाला प्रश्न पडला की कोकणातला मुलगा विहिरीला घाबरतो कसा. नर्सिंगला गेलेल्या बहिणीच्या हवाल्यानं एकीनं सांगितलं की आजच्या काळात ही केस झाली असती. होस्टेलवाल्यांनी डोळे पुसले, घरून येणाऱ्यांनी नाही. हा फरक दर वर्षी दिसतो आणि त्याचं कारण बहुधा होस्टेलची आमटी असावी. सर्वांत अडचणीचा प्रश्न आला तो असा : कर्ज वडिलांनी केलं, सावकार दारात आला तो वडिलांमुळे, मग सगळे संस्कार आईनंच का करायचे? आणि 'श्यामचे बाबा' असा सिनेमा का नाही? मी म्हटलं, छान मुद्दा आहे. शिक्षकही 'छान' म्हणतात, वेळ आली की.

सुजय डहाक्यांनी २०२३मध्ये पुन्हा 'श्यामची आई' केला, तोही कृष्णधवल. रंग उपलब्ध असताना कोणी आपणहून काळापांढरा सिनेमा काढतो, हे एका मुलाला काही केल्या पटेना. त्याचं स्वतःचं पाहण्याचं तंत्र मला नंतर समजलं. तो जुने सिनेमे मोबाइलवर दुप्पट वेगानं बघतो. त्यामुळे त्याच्या 'श्यामची आई'त आई फार तडकाफडकी रागावते, आणि 'पथेर पांचाली'तल्या म्हाताऱ्या इंदिर आत्याची चालही त्याला चांगली तुरुतुरु वाटली होती. त्याला तो सिनेमा संथ वाटत नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' चटकन आटोपतो. एक खोली, बारा पंच, एका पोराच्या जिवाचा निकाल. ज्युरी म्हणजे काय ते समजावून सांगायची मी तयारी केली होती. मुलांना ज्युरीची अडचण आलीच नाही, गावकीच्या बैठका त्यांनी लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्यांना अविश्वसनीय वाटला तो शेवट. "बारा जणांचं दीड तासात एकमत? आमच्या सातबाऱ्यावर बत्तीस नावं आहेत, सर. आजोबांपासून चालू आहे."

आता 'बायसिकल थीव्हज'. डी सिकाचा १९४८चा सिनेमा. रोममधला बेकार बाप, मोठ्या मुश्किलीनं मिळालेलं पोस्टरं चिकटवायचं काम, त्यासाठी लागणारी सायकल, ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि बापलेक शहरभर ती शोधत फिरतात. बापाचं काम केलेला माणूस खरोखरचा कारखान्यातला कामगार होता. राय हा सिनेमा लंडनला पाहून आले आणि 'पथेर पांचाली' करायचाच या निश्चयानं परतले. थोडक्यात, दाखवलाच पाहिजे असा सिनेमा. पण आमच्या वर्गात एक गट जयगडच्या गाडीनं जाणारा आहे. ती चुकली तर पुढची संध्याकाळी, आणि संध्याकाळची घरी पोचेपर्यंत आई दोनदा फोन करते. त्यामुळे सिनेमा कुठेही असो, गाडीची वेळ झाली की मागचा बाक दप्तरं उचलून, पडद्यासमोरून वाकून निघून जातो. त्या दिवशी प्रोजेक्टर तापायलाच वेळ लागला होता. जयगडकर उठले ते नेमके हॉटेलच्या प्रसंगानंतर.

हा प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. दिवसभर वणवण करून, मधे पोराला एक थोबाडीत देऊन, पश्चात्तापानं बाप त्याला परवडत नसलेल्या हॉटेलात नेतो. शेजारच्या टेबलावर एका श्रीमंत घरचा मुलगा ताव मारत असतो. ब्रुनो ब्रेडमधलं चीज दातांनी लांबवत त्याच्याकडे बघतो आणि बाप हसतो. जयगडकरांचा सिनेमा इथे संपला. सायकल चोरीला गेली, दोघं खूप हिंडले, शेवटी झालं गेलं विसरून मस्त जेवले. सुखान्त.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जे झालं, त्याला मी तोड पाहिलेली नाही. शहरातली मुलं शेवट पाहून सुन्न होती. सायकल मिळत नाहीच. बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरायला जातो, पकडला जातो, पोरादेखत मार खातो, आणि मालकानं सोडून दिल्यावर दोघं रडत गर्दीत मिसळतात. जयगडकरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते खुशीत होते. त्यांच्या मते सिनेमा जरा रेंगाळतो, पण शेवट झकास, घरच्यांना घेऊन बघावा असा. शहरवाल्यांना वाटलं हे चेष्टा करतायत. एक मुलगी चिडून म्हणाली, "तुम्हाला काळीज आहे की नाही?" जयगडकर म्हणाले, "अगं, पण जेवला ना तो?" पाच-दहा मिनिटं दोन्ही बाजू आपापल्या सिनेमावरून तावातावानं भांडत होत्या आणि मधे उसळ गार होत होती. 'छान होता, सर' म्हणणारी हीच ती मुलं.

भांडण कुठे अडलंय ते शिपाईमामांच्या लक्षात आलं. मामांचा अधिकार मोठा. मागच्या भिंतीला टेकून, हातात किल्ल्यांचा जुडगा धरून त्यांनी हे सगळे सिनेमे इतक्या वेळा पाहिले आहेत, की परीक्षेला बसले तर विद्यापीठात पहिले येतील. ते दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. आता मामा शेवट सांगणार म्हणून मी प्लायवुडाला कान लावला. मामा जयगडकरांना म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. तिथंच थांबवायला पायजे होता."

मी तो शेवट त्या गटाला अजून सांगितलेला नाही. त्यांनी तो मोबाइलवर शोधलेलाही नाही, कारण संपलेला सिनेमा पुन्हा कोण शोधतं? येत्या सत्रात जब्बार पटेलांचा 'सामना' लावायचा आहे. तो गाडीच्या वेळेला कुठे तुटेल याचा अंदाज मी घड्याळ लावून घेतला आहे : मारुती कांबळेचं काय झालं, हे जयगडला कळणार नाही.

हा अंक जयगडच्या गाडीत कोणाच्या हाती पडलाच, तर त्यांनी शेवटून चौथा परिच्छेद कृपया सोडून द्यावा.